तुम्ही विचारलंत म्हणून: मेल आले, पत्ते कुठे राहिले?

‘कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकलं. थंडरबर्डमध्ये खातं जोडल्यावर जुने मेल आले, पण अॅड्रेस बुक रिकामं. आता?’ थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामबद्दल हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मेल आले, कारण ते सर्व्हरवर होते. आयमॅप (थंडरबर्ड आणि सर्व्हर यांना जोडणारी पद्धत) फक्त मेलची ने-आण करतं, पत्त्यांशी त्याला देणंघेणं नाही. पत्ते तुमच्याच डिस्कवर एका छोट्या फाइलीत असतात. तिचं नाव ‘एबुक.एसक्यूलाइट’ (सुरुवात ‘ए’ने, ‘ई’ने नव्हे). थंडरबर्डच्या ७८व्या आवृत्तीआधी तीच ‘एबुक.मॅब’ होती. शेजारी ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’ असते. तुम्ही ज्यांना मेल पाठवलेत त्यांचे पत्ते थंडरबर्ड आपणहून तिच्यात टिपतं. तीही विसरू नका. कामाचे निम्मे पत्ते कित्येकदा तिथेच निघतात.

सी ड्राइव्ह खरोखर पुसला होता की जुन्यावरच नवं विंडोज बसवलं, हे आधी बघा. दुकानात दोन्हीला ‘फॉरमॅट मारला’च म्हणतात. नुसतं बसवलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर सापडेल. ते आजच्या आज पेन ड्राइव्हवर उतरवा. विंडोज ते काही दिवसांनी स्वतःच उडवतं (अपग्रेडनंतर १० दिवसांत), आणि डिस्क क्लीनअपमध्ये एक टिक चुकली तरी ते गेलंच समजा.

त्यात यूजर्स, तुमचं नाव, अॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं आत जा. अॅपडेटा दिसत नसेल तर व्ह्यू मेन्यूतून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. प्रोफाइल्समध्ये (प्रोफाइल म्हणजे तुमचे मेल, पत्ते, सेटिंग्ज ठेवणारं फोल्डर) बहुधा दोन फोल्डर असतात. ज्याचा आकार मोठा, ते तुमचं. ‘एबुक.एसक्यूलाइट-वॉल’ अशी शेपटीवाली फाइल असेल तर तीही सोबत घ्या. थंडरबर्ड नीट बंद झालं नसेल तर शेवटी घातलेले पत्ते त्या शेपटीतच अडकलेले असतात.

पुष्कळजण ही फाइल नव्या प्रोफाइलमधल्या फाइलीवर थेट डकवतात, तेही थंडरबर्ड चालू असताना. नव्याची शेपटी जुन्या फाइलीला चिकटते आणि पुस्तक बिघडतं. त्यापेक्षा टूल्स, इम्पोर्ट, अॅड्रेस बुक असं जाऊन एसक्यूलाइट (जुनी असेल तर मॅब) फाइल दाखवा. ‘एबुक-१’ वगैरे जादा पुस्तकंही अशीच आणायची. ती नुसती कॉपी केली तर दिसत नाहीत, कारण त्यांची नोंद वेगळ्या सेटिंग्ज फाइलीत असते.

कोणी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) दिली असेल तर एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करण्याआधी थांबा. +९१ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरचं अधिकचिन्ह जातं, १२ आकडी नंबर ‘९.१९ई+११’ होऊन बसतो आणि साध्या सीएसव्हीत ‘सुनीता’च्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. सेव्ह करायचंच असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. नंबरांचा रकाना मात्र फाइल डेटा टॅबमधून आत घेतानाच टेक्स्ट ठरवा, उघडल्यावर उशीर झालेला असतो.

डिस्क खरोखर पुसली असेल आणि ती एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपची डिस्क) असेल, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. फॉरमॅट करताना ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा पुसायची डिस्कला दिलेली सूचना) चालतं आणि जुना मजकूर बहुधा उरत नाही. पत्ते जीमेलमध्ये साठवले असतील तर गोष्ट निराळी: गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे, ३० दिवसांपर्यंत मागे नेतं.

तेही नसेल तर सेंट फोल्डर. गेल्या वर्षभराचे पाठवलेले मेल चाळा आणि हवा तो पत्ता राइट क्लिक करून पुस्तकात टाका. दोनशे पत्त्यांना एक दुपार पुरते, आणि ज्यांना वर्षभरात एक ओळही लिहिली नाही ते आपोआप गळतात.