जुनं तर आहे ना काका!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर टपाल तिकिटांचा हा विषय मी स्वतःहून काढत नाही. एकदा बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी आलेला जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो: तिकीट दीडशे वर्षांचं आहे, मग कोपरा गेला, कड कापली गेली, तर एवढं काय बिघडलं?

मागे इथल्याच महाल भागातला एक पोरगा आजोबांच्या पेटीतलं तिकीट घेऊन आला. १८५४ चं, अर्ध्या आण्याचं, निळं. अस्सल होतं. चारही बाजूंना पांढरी कड शाबूत, शिक्का हलका, व्हिक्टोरिया राणीचा चेहरा मोकळा. मागे पत्राच्या कागदाचा तुकडा चिकटलेला होता. आणि खराब होऊ नये म्हणून पोराने ते लॅमिनेट करून आणलं होतं. मी भिंग खाली ठेवलं. "काहून काका? जुनं तर आहे ना!"

नुसत्या जुनेपणाला आमच्यात फारसा भाव नाही. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे १८४० चं पेनी ब्लॅक. ते ६ कोटी ८० लाखांच्या आसपास छापलं होतं. पैसे मोजले तर आजही मिळतं. एकाच तावातल्या दोन तिकिटांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो कात्रीमुळे. तेव्हा तिकिटांना कडेला भोकं नव्हती. सबंध ताव असायचा आणि त्यातून एकेक तिकीट कापून घ्यायचं. दोन तिकिटांमधली जागा एवढीशी. हात जरा हलला की एकाची कड दुसऱ्याकडे गेलीच. चारही कडा धड असलेलं तिकीट म्हणजे कधीतरी कुणीतरी घाई केली नव्हती.

आपल्याकडची तिकिटं कलकत्त्याला सर्व्हे खात्यात कॅप्टन थुइलिअर यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापली गेली आणि ऑक्टोबर १८५४ पासून देशभर चालू झाली. त्याच वर्षी भोसल्यांचं राज्य खालसा झालं, म्हणून आम्हा नागपूरकरांचा जीव या मालिकेत जरा जास्तच अडकलेला. तिच्यातलं चार आण्याचं तिकीट दोन रंगांत आहे, लाल चौकट आणि आत निळी राणी. प्रत्येक रंगाची छपाई वेगळी, त्यामुळे काही तिकिटांवर राणी चक्क उलटी आली. चौकट अष्टकोनी असल्याने लोक हौसेने आठही कोपरे कापून लावायचे. दिसायला देखणं, पण आज तसं कापलेलं तिकीट चौकोनी तिकिटाच्या पासंगालाही पुरत नाही.

कात्रीतून वाचलेल्याला पुढे आमचं नागपूर असतं. तुम्हाला वाटेल, ४५ डिग्रीचं ऊन वैरी असेल. ते परवडलं. खरा वैरी कूलर. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांत, खोलीत कूलरची ओली हवा भरली की कागद वळतो, मागचा गोंद सुटतो आणि पानाला चिकटतो. पावसाळ्यात तपकिरी ठिपके येतात, ते वेगळंच. माझे अल्बम कूलरच्या खोलीत राहत नाहीत. मी राहतो, कारण मला गोंद नाही.

पण दुसऱ्यांना काय बोलू? कॉलेजात असताना मला एका रद्दीवाल्याकडे इंग्लंडहून आलेलं एक पाकीट मिळालं होतं. त्यावर १८८४ चं चार पेन्सचं हिरवं तिकीट. मी ते ऐटीत वाटीभर पाण्यात टाकलं आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर हिरव्याचा पार फिकट पिवळसर धुवट झालेला. त्या मालिकेची शाई मुद्दाम कच्ची ठेवलेली होती, हे नंतर कळलं. शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरणाऱ्यांसाठी टपाल खात्याने लावलेला तो सापळा. त्यात सापडलो मी, शंभर वर्षांनी. ते तिकीट मी पहिल्या पानावर ठेवलं आहे. कुणी ना कुणी विचारतंच, "हा रंग दुर्मिळ का हो?"

त्या पोराला मी एवढंच विचारलं, "पेटीत पत्रं आहेत का रे?" त्या काळात पत्राचाच कागद घडी घालून वर पत्ता लिहीत. तिकीट त्या कागदावर आहे तसं असेल तर त्याची गोष्टच वेगळी. म्हणाला, "आहेत, पण मोडीत आहेत, कोणालाच वाचता येत नाहीत." म्हटलं, हात लावू नको, मी येतो.

रविवारी सकाळी महालात गेलो. सात पत्रं होती. सहांवर तिकिटाच्या जागी चौकोनी भोक. आजोबा तिकिटं जमवायचे, पोराची आई कौतुकाने सांगत होती. सातवं पत्र जिथल्या तिथे, तिकिटासकट. ते मी दोन्ही हातांनी धरून उजेडात बघत होतो, तोवर पोराने खिशातून ते लॅमिनेट काढलं आणि एकेका भोकावर धरून पाहायला लागला. चौथ्या पत्रावर शिक्क्याची रेघ कागदावरच्या रेघेला बरोबर जुळली.

"काका," तो म्हणाला, "हे आता चिकटवता येईल का?"