बारा तासांची नोकरी आणि शनिवारची गाडी

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांमध्ये ‘असिस्टंट म्हणून जाणे’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फ्रान्समधील सरकारी शाळांत इंग्रजीच्या शिक्षकांच्या हाताखाली काम करण्यासाठी अनेक देशांतून तरुण पदवीधर बोलावले जातात आणि त्यांत दरवर्षी काही भारतीयही असतात. करार 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल असा सात महिन्यांचा, काम आठवड्याला 12 तासांचे आणि हातात पडणारी रक्कम महिन्याला 800 युरोंच्या आसपास. अर्जात प्रदेशांचा पसंतीक्रम देता येतो, पण गाव आपल्या हाती नसते. रानडे इन्स्टिट्यूटच्या कट्ट्यावर सगळ्यांच्या तोंडी पॅरिस, नीस आणि बोर्दो असते. माझ्या पत्रावर क्लेरमाँ-फेराँ हे नाव आले तेव्हा मिशेलिन टायरचे गाव यापलीकडे मला त्याची काही माहिती नव्हती.

काम समजून घेतल्याशिवाय शनिवार-रविवारच्या भटकंतीचा हिशेब लागत नाही, म्हणून आधी त्याविषयी. मी लिसेमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या दहावी ते बारावीच्या वयाच्या मुलांना शिकवत होते. शिक्षक अर्धा वर्ग स्वतःकडे ठेवत आणि उरलेला अर्धा माझ्याकडे पाठवत; मुलांना बोलते करायचे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. व्याकरण, गुण आणि शिस्त या तिन्ही गोष्टी शिक्षकांच्या अखत्यारीत होत्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला: इंग्रजी ही तुझी भाषा आहे का? मी घरी मराठी बोलते, हिंदी सिनेमा पाहून शिकले आणि इंग्रजी शाळेपासून वापरते, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव दिसला तो मी विसरणार नाही. लंडनहून आलेल्या एखाद्या असिस्टंटसमोर जी मुले तोंड उघडायला कचरली असती, ती माझ्यासमोर खुशाल चुकत होती. असिस्टंट इंग्लंड-अमेरिकेचीच असावी, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे एकदा वर्गात बसून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गात बोलायचे कशावर, हा प्रश्न मात्र दर आठवड्याला उभा राहत असे. मोबाइलचे दुष्परिणाम आणि पर्यावरण हे विषय मुलांनी शाळेत इतके चघळले होते की त्यांवर कोणी तोंड उघडेना. मग मी फळ्यावर लिहिले की मला या शनिवारी कुठे जायचे आहे ते तुम्ही ठरवा, मात्र मला इंग्रजीत पटवून द्या. पहिले उत्तर ठरलेले होते: इथे काहीच नाही, पॅरिसला जा. मी पॅरिस बाद केले. इथून टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, नाही, साध्या गाडीने साडेतीन तास लागतात आणि माझ्या पगारात तिथली खोली परवडत नाही, हे सांगितल्यावर मुले नाइलाजाने आपल्या मुलुखाचा विचार करू लागली. एका मुलाने मागच्या बाकावरून, फारसे न बघता, तिएर असे म्हटले, कारण त्याचे आजोबा तिथले होते.

तिएर हे चाकूंचे गाव. क्लेरमाँहून प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आत तिथे पोहोचता येते. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढत गेलेली जुनी घरे, खाली खळाळणारी द्युरोल नदी आणि जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या काचेमागे मांडलेली पाती. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडी सहाणांवर पाती घासणारे कारागीर इथे पिढ्यानपिढ्या काम करत. फळीवर पालथे झोपून, तोंड सहाणेकडे करून ते दिवसभर पाते दाबून धरत, आणि थंडीत पाय गारठू नयेत म्हणून त्यांचा कुत्रा त्यांच्या पायांवर झोपत असे. चाकूंच्या संग्रहालयात या दृश्याची जुनी छायाचित्रे आहेत; एका छायाचित्रात ओळीने झोपलेली माणसे दिसतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटऱ्यांवर एक एक झोपाळू कुत्रा. सोमवारी मी हे वर्गात सांगू लागले, तेव्हा त्या मुलाने मला मध्येच थांबवले आणि आजोबांकडून ऐकलेली उरलेली हकिगत मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न थांबता, पूर्ण केली. सहाणेच्या पाण्यात मिसळणाऱ्या पिवळ्या गाळाने कारागिरांचे कपडे माखत, त्यामुळे त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत, ही माहिती मला संग्रहालयातून नव्हे, त्याच्याकडून मिळाली.

तिथपासून सोमवारचा तास हा शनिवारचा हिशेब देण्याचा तास झाला. मुलांनी सुचवलेले ठिकाण मी पाहून यायचे आणि त्यांनी मला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायचे, असा आमचा करार होता. पुई द दोम हा डोंगर सुचवायला कोणाची गरज नव्हती, कारण तो शाळेच्या खिडकीतूनच दिसत असे. 1,465 मीटर उंचीच्या या डोंगरावर दातेरी रुळांची छोटी रेल्वे जाते, पण खेचरवाल्यांची म्हणून ओळखली जाणारी जुनी वाट तासाभरात वर पोहोचवते आणि सिंहगडाची सवय असलेल्या पायांना ती मुळीच जड नाही. वर रोमन काळातील मर्क्युरी देवतेच्या मंदिराचे अवशेष आहेत. याच डोंगरावर 1648 साली, क्लेरमाँमध्येच जन्मलेल्या ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी वर नेली आणि उंचीबरोबर पारा खाली उतरतो, म्हणजेच हवेचा दाब कमी होतो, हे दाखवून दिले. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ज्या पास्कालच्या नावाचे एकक आपण घोकतो, तो एखाद्या प्रयोगशाळेतला नसून या डोंगराखालच्या गावातला होता, हे मला तिथे उभे राहीपर्यंत कधी जाणवले नव्हते.

माथ्यावरून उत्तर-दक्षिण पसरलेली विझलेल्या ज्वालामुखींची रांग दिसते. 2018 मध्ये तिचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी पारिऊच्या मुखात उतरले की चारही बाजूंनी फक्त हिरवे गवत आणि वर आकाश दिसते. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पुई द दोम जेमतेम अकरा हजार वर्षांचा. मी वर्गात रायगड आणि हरिश्चंद्रगडाची छायाचित्रे दाखवली, तेव्हा मुलांना आधी काळा दगड ओळखीचा वाटला. क्लेरमाँचे कॅथेड्रल जवळच्या व्होल्व्हिक गावच्या ज्वालामुखी दगडातून बांधले आहे आणि पावसात ते कोळशासारखे काळे दिसते. परक्या वर्गात कातळकड्यांवरच्या किल्ल्यांविषयी बोलताना इतकी कमी प्रस्तावना करावी लागेल, असे मला वाटले नव्हते.

ल पुई-आँ-व्हले या गावाची शिफारस मुलींच्या एका गटाने केली. तिथे ज्वालामुखीच्या सुळक्यावर दहाव्या शतकातील सेंट मिशेलचे छोटे देऊळ आहे आणि त्यासाठी 268 पायऱ्या चढाव्या लागतात. शेजारच्या टेकडीवरचा मेरीचा प्रचंड पुतळा सेवास्तोपोलच्या लढाईत हाती लागलेल्या रशियन तोफा वितळवून घडवलेला आहे. शाकाहारी माणसाला मात्र या गावाची खरी ओळख तिथल्या हिरव्या मसुरीने होते. ओव्हेर्न्य प्रांतातील उपाहारगृहांत बटाटा आणि चीज यांच्या ट्रुफादवरसुद्धा हॅम येतो आणि तो वगळायला सांगितले की वाढणारा दुखावल्यासारखा पाहतो. ही मसूर मी पिशवीभर आणली, तिला लसूण आणि जिऱ्याची फोडणी दिली आणि हिवाळाभर तीच खाल्ली.

लांबच्या सहली मीही केल्या. असिस्टंट लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणत्याही शहरात जमिनीवर गादी टाकण्यापुरती जागा मिळते, त्यामुळे 8 डिसेंबरच्या सुमारास होणारा ल्योंचा दिव्यांचा उत्सव मी तशाच एका खोलीत राहून पाहिला. मोठ्या चौकांतील प्रकाशाचे खेळ गर्दीत धड दिसलेच नाहीत, पण गल्लीतल्या एका खिडकीत एक आजी काचेच्या छोट्या भांड्यांत मेणबत्त्या ओळीने लावत होत्या, आणि ते दिवाळी घरी न झालेल्या मला पुरेसे होते. स्वस्त विमानाने पहाटे निघून रविवारी मध्यरात्री परतण्याचा उद्योगही करून पाहिला. त्यातील शहरे आता एकमेकांत मिसळली आहेत. लक्षात राहिले ते विमानतळावरचे बाक.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिला पगार हाती येईपर्यंत खोलीचे भाडे, अनामत आणि बँकेचे सोपस्कार उरकायचे असतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये भटकंतीचे नाव काढू नये. दुसरी गोष्ट, शनिवारी सकाळच्या गाडीपेक्षा रविवारी संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ आधी पाहावी, कारण छोट्या गावांतून रविवारी गाड्या मोजक्याच असतात आणि दुकाने बंद असल्यामुळे स्टेशनवर अडकलेल्या माणसाला सँडविचसुद्धा मिळत नाही.

लहान किंवा अनोळखी गाव मिळाले तर नेमणूक नाकारावी का, असे आता धाकटे विद्यार्थी विचारतात. स्टेशन असेल तर नाकारू नये, असे मी सांगते. पॅरिसच्या असिस्टंटला सोमवारी सांगण्यासारखे बरेच असेल, परंतु तिच्या वर्गाने ते आधीच पाहिलेले असते. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांनी तिएरच्या संग्रहालयात कधी पाऊल टाकले नव्हते, आणि मार्च महिन्यात त्यांच्या शिक्षिकेने त्यांना तिथे सहलीला नेले तेव्हा इंग्रजीत माहिती देण्याचे काम मागच्या बाकावरच्या त्या मुलाने स्वतःहून मागून घेतले.