चिमणीची पाठ आणि माझी खोगीरभरती

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना माझी घोडी चिमणी कान मागे टाकते. "लाडावली आहे" म्हणून मी तो विषय तिथेच सोडला. चूक माझी होती, ती इथेच निस्तरते.

नव्यांसाठी थोडक्यात: चिमणी म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, मारवाडी घोडी. ६१ इंची, सडपातळ, विदर्स, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा उंचवटा, उंच आणि धारदार. पागा मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांमध्ये. मी सातपूरला नोकरीला, त्यामुळे आठवड्यातून तीन सकाळी आणि रविवारी रपेट.

७ जून

अर्धा तास दुडकी झाली आणि खोगीर उतरवलं. पाठ घामानं निथळत होती, पण विदर्सच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे दोन पट्टे ठणठणीत कोरडे. बोटांनी दाबलं तर चिमणीनं पाठ खाली टाकली आणि वळून माझी बाही धरली.

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा बाजूलाच उभे होते. म्हणाले, "ताई, तोंडावर पडतंय ते."

"मी ना? मला माहितीये, मी पुढे झुकते."

"तुम्ही नाही. खोगीर."

वर्षभर मी माझ्या बैठकीला दोष देत होते. पोट आत, खांदे मागे, टाच खाली. आणि खोगिराचा आतला सांगाडा, म्हणजे ट्री, चिमणीच्या मानानं रुंद होता. रुंद ट्री पुढून खाली बसतो, पॉमेल, म्हणजे खोगिराची पुढची कमान, विदर्सवर टेकायला बघतो आणि स्वार आपोआप पुढे ओतला जातो. अरुंद ट्रीचं उलट: तो खांद्यामागे चिमट्यासारखा धरतो, पुढून उचलला जातो आणि स्वार मागे कलतो.

हे खोगीर मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत जुनं घेतलं होतं. दुकानातल्या लाकडी घोडीवर ठेवून बसून पाहिलं, मला छान बसलं, पैसे दिले. घोडी सोबत नव्हती, निदान तिच्या पाठीचं माप तरी न्यायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. मग पॉमेल टेकायला लागल्यावर आधी एक नमदा (लोकरीची जाड गादी) घातला, त्यावर फोम, त्यावर घडी घातलेली घोंगडी. खोगीरभरती हा शब्द आपण कंटाळवाण्या पुस्तकांना आणि सरकारी अहवालांना लावतो. मी ती शब्दशः केली. जाड थरांमुळे फट दिसेनाशी झाली, दाब होता तसाच राहिला.

डॉक्टर येऊन गेले. जखम नाही, सूज नाही, स्नायू दुखावलेत. तीन आठवडे पाठीवर काहीही नाही, नुसतं हातानं चालवणं.

१५ जून

पाऊस लागला. रपेट बंद, त्यामुळे मापं घ्यायला निवांत वेळ.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगची मुलं वापरतात ती वाकणारी पट्टी आणली, वाकवू तशी राहते ती. सपाट जमिनीवर चिमणीला चारही पाय चौरस ठेवून उभं केलं (यालाच वीस मिनिटं गेली, कारण मामांच्या खिशात गूळ आहे हे तिला कळलं होतं). आधी चाचपून खांद्याच्या फऱ्याची मागची कड शोधली आणि खडूनं रेघ मारली. पुढचा पाय पुढे ताणला की फरा मागे सरकतो. ट्रीचं टोक त्याच्या वाटेत आलं तर प्रत्येक पावलाला ठोकर बसते. म्हणून रेघेच्या दोन-तीन बोटं मागे पट्टी वाकवून पहिला छेद, म्हणजे पाठीचा आडवा आकार, घेतला. दुसरा पाठीच्या सर्वांत खोल जागी. तिसरा शेवटच्या बरगडीपाशी. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात आणि अठराव्या बरगडीच्या मागे खोगिराचा भार जाता कामा नये, कारण कमरेच्या मणक्यांना खालून बरगड्यांचा आधार नसतो. लहान पाठीच्या घोड्यावर आपली मोठी सीट अडते ती इथेच.

तिन्ही आकार पुठ्ठ्यावर उतरवले, कापले आणि परत पाठीवर लावून पाहिले. चौथा लांबीचा, विदर्सपासून मागेपर्यंत.

पहिला पुठ्ठा मध्यावर घडी घालून पाहिला आणि दोन्ही बाजू जुळेनात. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच भरलेला. बहुतेक घोडे थोडे एकांगी असतातच, पण मीही वर्षभर जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय देऊन लोंबकळत चढत होते. आता पागेत दगडी पायरी ठेवली आहे.

मग जुनं खोगीर नमद्याशिवाय, उघड्या पाठीवर ठेवलं. थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, थांबेल तिथे थांबू द्यायचं. विदर्स आणि पॉमेल यांच्यात जेमतेम एक बोट, तेही माझ्या वजनाशिवाय. दोन-तीन बोटं हवीत. मधली नाली, जिच्यातून कणा मोकळा राहायला हवा, ती मागच्या बाजूला अरुंद होत गेलेली. आणि पॅनेलखालून, म्हणजे पाठीवर टेकणाऱ्या गाद्यांखालून, हात पुढून मागे फिरवला तर पुढे घट्ट, मधे हात सैल, मागे परत घट्ट. म्हणजे पूल. नदीवरच्या पुलासारखं दोन टोकांवर उभं. कोरडा पट्टा दोन्ही कारणांनी राहतो, अति दाबानं किंवा मुळीच न टेकल्यानं, आणि त्यातलं कोणतं ते असा हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

२९ जून

पर्याय दोन होते. एक, सिंथेटिक खोगीर, ज्याचा पुढचा धातूचा गलेट, म्हणजे कमानीची पट्टी, बदलून रुंदी कमीजास्त करता येते. आपल्या पावसाळ्यात कातड्यावर बुरशी येते, त्यामुळे मोह झाला. पण चिमणीची अडचण नुसती रुंदीची नव्हती, पाठीच्या वळणाचीही होती. शेवटी चारही पुठ्ठे कानपूरला कुरिअर केले. अरुंद ट्री, लोकर भरलेली पॅनेल, १७ इंची सीट. जुनी साडेसतराची होती.

पॅनेलसाठी फोमऐवजी लोकर घेतली, कारण ती काढता-घालता येते. घोडी कामाला लागली की पाठ भरते, सुट्टीत ओसरते.

१७ ऑगस्ट

खोगीर आलं. उघड्या पाठीवर ठेवलं, सगळ्यात खोल जागा सीटच्या मधोमध, डुलत नाही, हात सगळीकडे सारखा दाबला जातो. फक्त डाव्या खांद्यामागे किंचित पोकळी. खोगीर भरलेल्या बाजूच्या मापानं करायचं आणि उणी बाजू भरून घ्यायची असं ठरलं होतं, म्हणून तिथे नमद्याचा एक पातळ तुकडा घातला. मामा हसले, "परत भरती?" पण ही मोजून केलेली आहे, आणि खांदा भरला की काढायची आहे.

मग माझी पाळी. बसल्यावर मागे कँटलपर्यंत, म्हणजे सीटच्या मागच्या उंच कडेपर्यंत, चार बोटं उरतात, गुडघा फ्लॅपवर, म्हणजे बाजूच्या लोंबत्या कातड्यावर, मावतो. रिकिबीचे पट्टे आधीच्या खोगिरापेक्षा थोडे मागे लागतात, त्यामुळे पाय आपोआप माझ्याखाली येतो. पोट आत, टाच खाली वगैरे मंत्र म्हणावा लागला नाही, याचा थोडा राग आला. माझ्यासकट परत विदर्सपाशी बोटं घालून पाहिली, अडीच.

३१ ऑगस्ट

दोन आठवडे हलकं काम, शेवटचे तीन दिवस दुडकी. घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा, मधे कण्यावर कोरडी रेघ. ती तशीच हवी.

तंग आवळताना कान अजून मागे जातात, दुसऱ्या भोकापर्यंत. मामा म्हणतात, आठवण आहे, जाईल. एकदम न ओढता मी एक भोक लावते, चार पावलं चालवते, मग पुढचं.

जुन्या कोरड्या पट्ट्यांच्या जागी मात्र पांढरे केस उगवलेत. दाबानं केसांची मुळं दुखावली की तिथला रंग जातो, आणि बहुधा परत येत नाही. कुमैत अंगावर ते लांबून दिसतात. नवी लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, म्हणून दसऱ्याला पूजेआधी पुठ्ठे परत लावून बघणार आहे. तोवर गंगापूर धरणाकडची वाटही वाळलेली असेल.