सारख्या नावाच्या पूर्वजांची जन्मनोंद शोधताना: नाशिकचा प्रवास

आमच्या पणजोबांचं नाव तुकाराम, त्यांच्या वडिलांचं रामा. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात त्या काळी रामा-तुकाराम अशा बापलेकांच्या दोन जोड्या होत्या, आडनाव एक आणि भावकीही एकच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे अशी नावं एक पिढी सोडून फिरत राहतात. पणजोबांची खरी जन्मनोंद मिळावी म्हणून आत्याला घेऊन नाशिकला गेले. याच कामासाठी जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

बहुतेक जण थेट तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जातात. माझं ठाम मत आहे की आधी पंचवटीत रामकुंडावर जावं. नाशिकरोडहून शालिमारपर्यंत शेअर रिक्षा मिळते, पुढे पंचवटी जवळच. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या वंशावळीच्या वह्या आहेत. आपल्या गावाचे गुरुजी कोण, हे कुंडावर कुणालाही विचारलं तरी सांगतात. सकाळी विधींची गर्दी असते, म्हणून दुपारी जा. आम्ही ठाण्याचं नाव सांगितलं तर गुरुजी म्हणाले, "राहतं गाव नको आत्याबाई, मूळ गाव सांगा." मूळ गावही तालुक्यासकट सांगा. नाशिक जिल्ह्यात पिंपळगावंच किती आहेत: बसवंत, केतकी, खांब, मोर!

वहीत शके १८४३ ची नोंद सापडली. रामाच्या अस्थी घेऊन त्यांचे धाकटे भाऊ आले होते आणि त्यांनी घरातली सगळी नावं सांगितली होती: रामा बिन विठू (म्हणजे विठूचा मुलगा रामा), मुलं तुकाराम आणि एकनाथ. दुसऱ्या घरातला रामा दगडूचा मुलगा. एका 'बिन'मुळे दोन घरं वेगळी झाली. आत्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली. आपल्या खापरपणजोबांचं नाव विठू होतं हे तिला त्या दिवशी कळलं. दक्षिणा यथाशक्ती द्या, आणि आपल्या पिढीची नावं, लेकीसुनांसकट, वहीत लिहून या.

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे रामा वारले साधारण १९२१ मध्ये. मृत्यूचं साल हाती आलं की वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंद, शोधणं सोपं होतं. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. नाहीतर तहसीलला नकलेचा अर्ज करावा लागतो. आमच्या फेरफारात तुकाराम वय १४, एकनाथ वय ९, दोघं अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), पालक आई असं होतं. वय अंदाजेच लिहिलेलं असतं, तरी जन्म १९०७ च्या आगेमागे हे ठरलं.

त्यानंतर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. या जन्ममृत्यूच्या नोंदी मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. फसली साल (जुन्या महसुली दप्तरातली कालगणना) दिसलं तर इसवी सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवा. बाळाचं नाव बहुधा नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. आम्हाला १९०६ आणि १९०८ अशा दोन नोंदी मिळाल्या, दोन्हीत बाप रामा, आजोबांचं नाव कुठेच नाही. इथे बरेच लोक आपल्याला सोयीची नोंद उचलतात. कृपा करून तसं करू नका. त्याच बुकातली मृत्यूची पानं पुढची दहा वर्षं तरी चाळा. १९०९ च्या पानावर वर्षभराचं एक मूल गेल्याची नोंद होती, बाप रामा बिन दगडू. म्हणजे १९०८ चं बाळ त्या घरातलं. त्या घरातला तुकाराम वयाने बराच मोठा, एव्हाना त्याचीच मुलं जन्मनोंदींत दिसू लागतात. १९०६ ची नोंद आमची ठरली. बायकांच्या नावापुढे 'कोम' असेल तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं, हेही लक्षात ठेवा. मृत्यूच्या पानांवर त्याचा फार उपयोग होतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधून निर्गम उतारा, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदीची नक्कल, मिळतो. त्यात वडिलांचं नाव आणि गाव पक्कं कळतं, पण जन्मतारीख १ जून दिसली तर ती शाळेतल्या गुरुजींनी प्रवेशासाठी टाकलेली असण्याची शक्यता मोठी.

२०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आहेत, तेव्हा आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपलं गाव पाहून घ्या. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके अलीकडचे आहेत, तिथल्या गावांचं जुनं दप्तर मूळ तालुक्याकडे असू शकतं. १ एप्रिल १९७० नंतरची नोंद हवी असेल तर ती खेड्यात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे मागा. अर्जात गाव, साल आणि पान क्रमांक लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या आणि नक्कल साक्षांकितच मागा. सिंहस्थाच्या काळात रामकुंडावरच्या गुरुजींना वह्या काढायला सवड मिळणं कठीण, तेव्हा त्याआधीच जाऊन या.