बांधलेला पैसा आणि मोकळा पैसा

गेल्या सहा वर्षांत मध्यमवर्गीय घराच्या हिशेबाला इतके धक्के बसले आहेत, की गुढीपाडव्याला आखलेले अंदाजपत्रक दिवाळीपर्यंत टिकेल असे मी आता गृहीत धरत नाही. २०२० च्या मार्चमधली टाळेबंदी, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेले युक्रेनचे युद्ध, त्यामागोमाग चढलेले व्याजदर, २०२४ मध्ये एकाच वर्षात आलेल्या लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्के आयातशुल्क, यांपैकी एकाही गोष्टीवर आमच्यासारख्या घराचा काही इलाज नव्हता. परंतु प्रत्येक गोष्ट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत, कर्जाच्या हप्त्यापर्यंत किंवा मुलीच्या शिक्षणापर्यंत येऊन पोहोचली.

अशा वेळी घरात पहिली चर्चा होते ती काटकसरीची. बाहेरचे खाणे बंद करायचे, आमच्या नागपुरातल्या गोकुळपेठेच्या बाजारात भाजीसाठी घासाघीस करायची, सणाची खरेदी पुढे ढकलायची, असे ठरते आणि महिनाभर पाळलेही जाते. त्यातून वाचते ते थोडेच, आणि घरातले वातावरण मात्र कोमेजते. माझे मत अनुभवाने असे झाले आहे, की अनिश्चित काळात घराचा एकूण खर्च किती आहे यापेक्षा त्यातला किती खर्च पुढच्या महिन्यात थांबवता येईल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. भाजीचा खर्च उद्या कमी करता येतो. हप्ता, फी, विम्याचा प्रीमियम आणि घरभाडे यांचे तसे नसते. तो पैसा हातात येण्याआधीच बांधलेला असतो.

हे मला प्रथम नीट उमगले ते २०२४ मध्ये. माझे पती एका खासगी कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर आहेत आणि त्या कंत्राटदाराची बहुतेक कामे सरकारी रस्त्यांची व इमारतींची असतात. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली. पावसाळा सरतो न सरतो तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. आचारसंहितेत आधी सुरू झालेली कामे चालू राहतात, पण नव्या कामाचे टेंडर निघत नाही आणि वर्क ऑर्डर हातात असली तरी प्रत्यक्ष सुरू न झालेले काम सुरू करता येत नाही. नवे काम नाही म्हणजे आगाऊ रक्कम नाही, आणि जुन्या कामांची बिले तर ‘निधी आला नाही’ या एका वाक्यावर महिनोन्‌महिने थांबतात. पगार बुडाला नाही, परंतु तो पाच तारखेचा वीस तारखेवर गेला आणि एकदा दोन महिन्यांचा मिळून एकदम आला. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच कापला जात होता. उत्पन्नाची तारीख सरकारी तिजोरीच्या हातात आणि देण्याची तारीख बँकेच्या हातात, अशा स्थितीत घर चालवायचे असेल, तर त्या दोन तारखांमधले अंतर भरून काढणारा मोकळा पैसा घरात असावाच लागतो.

म्हणून सर्वांत आधी आम्ही गृहकर्जाकडे वळलो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराची गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या रेपो दराशी, जोडलेली आहेत. हा दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला. याचा अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने पाहावे. २० वर्षांच्या मुदतीचे ३० लाखांचे कर्ज ६.७५ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे २२,८०० रुपये येतो. तेच कर्ज ९.२५ टक्क्यांवर गेले, की एका महिन्याचे नुसते व्याजच २३,१२५ रुपये होते. म्हणजे पूर्वीचा हप्ता तसाच भरत राहिलात, तर मुद्दल कमी होणे दूरच, ते वाढू लागते. अनेक कर्जदारांची मुदत अशीच त्यांच्या नकळत निवृत्तीच्या पलीकडे लांबली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे वाढवायचे, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. ही निवड आपल्याला आहे, हे आजही पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा.

२०२५ मध्ये चक्र उलटे फिरले. रेपो दर फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि शेवटी डिसेंबरमध्ये कमी होत ५.२५ टक्क्यांवर आला. वरच्या उदाहरणात ९.२५ टक्क्यांनुसार वाढवून घेतलेला हप्ता त्यामुळे जवळजवळ २,४०० रुपयांनी खाली येऊ शकतो. जाणकार सांगतात, की अशा वेळी हप्ता तोच ठेवावा म्हणजे मुदत घटते आणि एकूण व्याज वाचते. हिशेब म्हणून तो सल्ला अचूक आहे. तरीही आम्ही हप्ता कमी करून घेतला आणि फरकाची रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. खात्यातला पैसा पगार लांबलेल्या महिन्यात औषधाला, फीला, हप्त्यालाही उपयोगी पडतो. वर्ष नीट गेले तर तीच रक्कम मुद्दलात भरता येईल, कारण व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. या निवडीसाठी थोडे जास्त व्याज जाते, आणि ते आम्ही जाणूनबुजून देतो.

विम्याचा मात्र एक रुपयाही कमी केला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा वाचलेल्या पैशात आरोग्य विम्याचे संरक्षण वाढवून घेतले. त्याच दिवशी एसीवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या उन्हाळ्याची आठवण काढून घरात एसीचा आग्रह झाला. एसीची किंमत एकदाच द्यावी लागते, पण मार्च ते जून विजेचे बिल दरमहा येते, म्हणून यंदाही कूलरच्या जाळ्यांतले गवत बदलून काम भागवायचे ठरले आहे. धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंच्या पगाराला आम्ही हात लावलेला नाही. आपल्या घराची अनिश्चितता त्यांच्या घरावर ढकलणे याला मी काटकसर म्हणू शकत नाही.

स्वयंपाकघरात साठेबाजीचा मोह मोठा असतो. वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ उन्हाळ्यात भरून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे; परंतु भाव चढताना पाहून घाबरून भरलेला माल पुष्कळदा महाग पडतो. २०२४ मध्ये तूरडाळीचा भाव किलोला दीडशेच्या पुढे होता. पुढच्याच वर्षी आयात आणि चांगले पीक यांमुळे तो उतरला. तेलाचे गणित तर याहून गुंतागुंतीचे आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो, त्यामुळे युक्रेनमध्ये युद्ध झाले की सूर्यफुलाचे तेल आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली की पामतेल महागते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावले, ते सोयाबीन उत्पादकांना भाव मिळावा म्हणून. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले, ते ग्राहकाला स्वस्त मिळावे म्हणून. शहरात राहणाऱ्या आणि माहेरी शेती असणाऱ्या माझ्यासारखीला या दोन्ही निर्णयांचा आनंदही होतो आणि काळजीही वाटते.

माझा दादा हिंगणघाटजवळ कापूस आणि सोयाबीन पेरतो. अमेरिकेच्या शुल्काने कापडगिरण्या अडचणीत आल्या, तेव्हा त्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले गेले आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालली, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा हंगाम त्यात गेला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो सरकारी खरेदी केंद्रावर मिळायचा तर कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि दिवाळीच्या आसपास वेचलेला कापूस इतका कोरडा क्वचितच असतो. दादा फोनवर म्हणाला, “बाई, माल ठेवावा तं घर भरते, विकावा तं हात रिकामा राहते.” मे महिन्यात त्याच्या मुलीचे लग्न आहे.

या लग्नासाठी आत्या म्हणून मला सोने द्यायचे होते. एप्रिल २०२५ मध्येच १० ग्रॅम सोने एक लाखावर गेले होते आणि त्यानंतर ते आणखी वर चढले. नवे घेण्याऐवजी सासूबाईंनी दिलेले जुने गोठ मोडीत घालायचे ठरवले. इतवारीच्या सराफ्यात ते आमच्यासमोर आटवले गेले. आत भरलेली लाख आधी काढावी लागली, काळपट तुकडे एका बाजूला पडले आणि मुशीतून जेवढे निघाले तेवढेच तराजूवर ठेवले गेले. मनगटावर भरघोस दिसणाऱ्या गोठांतले सोने अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरले. तरी भाचीच्या कानातल्यांना ते पुरले, आणि नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक आहे. हप्त्यांवर सोने घेण्याची योजनाही तिथे सांगितली गेली. आम्ही नको म्हटले, कारण आणखी एक बांधलेली तारीख आम्हाला नको होती. दादाला मंडपाच्या आगाऊ रकमेसाठी लागतील तेवढे पैसे त्या वेगळ्या खात्यातून देता येतील, असे मी त्याला सांगून ठेवले आहे, म्हणजे त्याला कापूस घाईने विकावा लागणार नाही.

सर्वांत अवघड निर्णय मुलीचा होता. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अमेरिकेत एमएस करण्याचे तिने बारावीपासून ठरवले होते. मे २०२५ च्या शेवटी अमेरिकी दूतावासांनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबवले आणि तिच्या वरच्या वर्गातली मुले हातात प्रवेशपत्र घेऊन वाट पाहत बसली. सप्टेंबरमध्ये तिथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जासाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, म्हणजे शिक्षणानंतर तिथे नोकरी करून कर्ज फेडण्याचे जे गणित घराघरांत मांडले जाते, त्याचा पायाच हलल्यासारखे वाटले. डिसेंबरमध्ये डॉलर ९० रुपयांच्या पलीकडे गेला. ४०,००० डॉलरचा खर्च ८३ रुपयांच्या भावाने सुमारे ३३ लाख होत होता, तो ९० ने ३६ लाख होतो. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, आणि तारण म्हणून आमच्याकडे बेसाकडचा एक लहान प्लॉट आहे.

तिने रडारड केली नाही, पण बरेच दिवस ती गप्प होती, आणि आईवडिलांनी असे स्वप्न नाकारणे योग्य नाही, हे मलाही कळत होते. मग आम्ही तिघांनी बसून एकेका गोष्टीची मुदत लिहून काढली. परदेशी प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचे गुण पाच वर्षे चालतात, इथल्या एमटेकसाठीच्या गेट परीक्षेचे तीन वर्षे. प्लॉट तारण ठेवून काढलेले कर्ज मात्र एकदा उचलले की मागे घेता येत नाही. त्यामुळे या वर्षी अमेरिकेचे अर्ज करायचे नाहीत, फेब्रुवारीत गेट द्यायची, कॅम्पसमधून इथल्या मिहान उद्योगक्षेत्रातली किंवा पुण्याची नोकरी मिळाली तर ती घ्यायची आणि जीआरईचे गुण जपून ठेवायचे, असे ठरले. “आई, हे नाही म्हणणं नाही ना?” असे तिने विचारले, आणि हा नकार नाही, असे मी तिला सांगितले. २०२७ च्या प्रवेशासाठी अर्ज येत्या हिवाळ्यात करावे लागतील. तेव्हा व्हिसाची स्थिती, डॉलरचा भाव आणि तिच्या बाबांच्या पगाराची तारीख, या तिन्ही गोष्टी पुन्हा समोर ठेवून ठरवू, असे वचन मी तिला दिले आहे.