गुऱ्हाळावरचा रफार अखेर उतरला

मामांचं पुस्तक छापायला जुळवतोय. त्याला टीरो हा देवनागरी फॉन्ट घ्यायचा की शोभिका, हा मागच्या नोंदीतला प्रश्न सध्या बाजूला ठेवतो. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या प्रेसवरून पहिल्या फॉर्मचं, म्हणजे एकत्र छापायच्या पहिल्या सोळा पानांचं, प्रूफ आलं आणि मामांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठापाठच्या पानावरच ठळक टायपात 'गुर्हाळ' छापलेलं दिसलं. पुस्तक करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळघरांचं, आणि नेमका तोच शब्द मोडलेला. पुढे चाळलं तर 'शेतकर्यांनी', 'दुसर्या', 'चर्हाट'. प्रेसवाल्या काकांनी विचारलं, "भाऊ, कागद मागवू का थांबू?" थांबा म्हटलं.

कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मामांचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप झालेला होता. तो एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली म्हणजे नुक्त्याचा ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. दुसरी म्हणजे साधा र, पायमोड, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि त्यानंतर य. कन्व्हर्टर दुसऱ्या तऱ्हेने लिहितो आणि शेवटी फाइल 'स्वच्छ' करताना न दिसणारी सगळी अक्षरं पुसून टाकतो. जॉइनर गेला की र उचलला जातो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मी पानं जुळवतो त्या झीलाटेक प्रणालीतलं, अक्षरं जोडणारं हार्फबझ इथे पूर्ण निर्दोष आहे, समोर आलेलं ते नियमाप्रमाणेच जोडतं. त्यामुळे हे दुखणं असेल तर फॉन्ट बदलत बसू नका, मजकूर तपासा.

आता दुरुस्ती. सरसकट सगळे 'र्य' बदलता येत नाहीत, कारण कार्य, सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्याय हे शब्द जसेच्या तसे हवेत. गगनबावड्याच्या प्रकरणात 'दऱ्यांमधून'चं 'दर्यांमधून' झालं होतं आणि स्पेलचेकर गप्प, कारण दर्या हाही शब्दच आहे. 'र्ह' त्या मानाने सोपा निघाला. गुऱ्हाळ, चऱ्हाट, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, असे आपले सगळे शब्द 'ऱ्ह'चे. रफार फक्त अर्हता, गर्हणीय अशा तत्सम शब्दांना. त्यांचा अपवाद ठेवून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका ओळीत तेवढं काम झालं.

'र्य'साठी अपवादांची यादी हाताने करायला बसलो होतो. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की उत्तर व्याकरणातच आहे. 'ऱ्या' बहुतेक वेळा सामान्यरूपातून किंवा अनेकवचनातून येतो: दुसरा-दुसऱ्या, भारा-भाऱ्या, शेतकरी-शेतकऱ्या, पायरी-पायऱ्या. यादी तिथेच सोडली आणि स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता ती 'र्या' सापडला की तो काढून तिथे 'रा' किंवा 'री' लावून बघते. तो शब्द मामांच्या मजकुरात दुसरीकडे कुठे असेल, आणि 'र्या'नंतर उरलेला भाग विभक्तीचा किंवा शब्दयोगी अव्ययाचा असेल, तरच ऱ्या करते. 'पर्याय'मधून 'परी' निघते खरी, पण उरलेला य कुठल्याच प्रत्ययात बसत नाही, म्हणून तो शब्द सुखरूप राहतो. 'आचार्यांना' मात्र दोन्हीकडे बसतो. गुरुजींना की स्वयंपाक्याला, हे वाक्य वाचल्याशिवाय कळणार नाही. असे शब्द वाक्यासकट वेगळ्या फाइलमध्ये पडतात आणि ते मी डोळ्यांनी वाचतो.

नवं प्रूफ काल भिंगाखाली धरून पाहिलं. टीरो देवनागरी मराठी, साडेअकरा पॉइंट, सत्तर जीएसएम जाडीचा, किंचित पिवळसर (नॅचरल शेड) मॅप्लिथो कागद. 'गुऱ्हाळ'मधली ऱ्ची बारीक कोर ह ला डावीकडून टेकलेली, शाई पसरूनही मधली पांढरी फट शाबूत. फार समाधान वाटलं. ल आणि श तर या फॉन्टात मुळातच आपल्या वळणाचे आहेत. टीरोला ठळक वजन नाही, म्हणून मथळे मुक्त या दुसऱ्या फॉन्टात ठेवलेत आणि तेच राहतील.

कागदाबद्दल माझं मत पक्कं आहे: लांब वाचायच्या पुस्तकाला पांढराशुभ्र कागद घेऊ नये, डोळे शिणतात.

पानांचंही काम मार्गी लागलं. मराठीत प्रत्यय आणि अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'चुलवाणाजवळच्यांनासुद्धा' असा शब्द ओळीच्या टोकाला आला की आधीच्या ओळीत मोठमोठ्या फटी पडतात. ओळीच्या टोकाला शब्द कुठे तोडायचा हे सांगणारे मराठीचे हायफनेशन पॅटर्न सुरू केल्यावर फटी गेल्या, पण एकटा 'ला' पुढच्या ओळीत पडू लागला. शब्द तोडताना पुढच्या ओळीत किमान किती अक्षरं जावीत हे टेक (झीलाटेकचा गाभा) मोजतं, पण ती अक्षरं युनिकोडची, म्हणजे 'ला' त्याच्या लेखी दोन अक्षरं. उजवीकडची मर्यादा चारवर नेली आणि ते थांबलं. २१२ पानांची २०५ झाली. सोळा पानी फॉर्मच्या हिशेबात २१२ म्हणजे तेरा फॉर्म भरून चार पानं वर लोंबणार. आता तेरा फॉर्मांत, २०८ पानांत, सगळं बसतं.

तीन पानं कोरी सोडणार होतो, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. स्क्रिप्टने शब्दांची यादी काढलीच आहे, तिच्यात गुळव्या, काहील, चुलवाण, मळी, चिपाड सगळं आहे. मामांकडून एकेका ओळीत अर्थ लिहून घेतले तर शेवटी शब्दसूची होईल. शहरातल्या वाचकाला ती लागेलच. फक्त पायथनची साधी क्रमवारी चालणार नाही. ती ळ ला ल च्या लगेच नंतर बसवते आणि क्ष, ज्ञ ना क आणि ज मध्ये ढकलते. आपल्या वर्णमालेत हे तिघेही ह नंतर येतात. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतली मराठी क्रमवारी लावून बघतो.

काळी शाई एकाच प्लेटवर यावी म्हणून घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमने आतली पानं ग्रे करून दिलीत, ते बिनतक्रार झालं.

सूची झाली की दुसरा फॉर्म प्रेसवर जाईल. 'र्य' असलेल्या तत्सम शब्दांची तयार यादी कुणाकडे असेल तर जरूर पाठवा. माझी स्क्रिप्टही मी मोकळी करून ठेवतो, जुन्या फॉन्टातला मजकूर घेऊन बसलेल्यांना ती उपयोगी पडेल.