एसटीच्या वेळा आणि माझा अभ्यास

माझं गाव पावसच्या पुढे, आतल्या बाजूला. कॉलेज रत्नागिरीत. सकाळची एसटी गोळप, फणसोप करत भाट्याच्या पुलावरून शहरात येते, संध्याकाळची त्याच वाटेने परत नेते. ती चुकली तर पुढचीची वाट बघत स्टँडवर बसायचं. वेळेच्या नियोजनाबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक स्वतःची खोली, स्वतःचं टेबल आणि न जाणारी लाइट असलेल्यांना लागू पडतात. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या अभ्यासाची घडी कशी बसली ते लिहिते आहे, कारण माझ्यासारखी ये-जा करणारी मुलं-मुली इथे खूप आहेत.

पहिलं वर्ष सुरू झालं ते लावणीच्या दिवसांत. घरी यावं तर सगळे चिखलातून नुकतेच परतलेले, ओले कपडे चुलीजवळ टांगलेले आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. रात्री बसून जमेल ते करायचं, असं चालू होतं. मग मी दिवसाकडे नीट बघितलं. कुठल्या वेळी डोकं कसं असतं, हातात काय धरता येतं, बाजूला कोण असतं. अभ्यासाचीही तशीच विभागणी केली. काही गोष्टी समजून घ्यायच्या असतात, काही आठवून बघायच्या असतात आणि काही निव्वळ हमाली असते, म्हणजे जर्नल पूर्ण करणं, आकृत्या काढणं. तीन वेगळी कामं, त्यांना तीन वेगळ्या वेळा.

पहाट समजून घेण्यासाठी. आजी बंबात जाळ घालायला उठते तेव्हाच मीही उठते. त्या वेळी फक्त अवघड घ्यायचं, सोपं काही हातात धरायचं नाही. आदल्या रात्रीच वही त्या पानावर उघडून ठेवते, म्हणजे उठल्यावर कुठून सुरुवात करू यात वेळ जात नाही. ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

बसमध्ये वाचता येत नाही. त्या रस्त्याला वळणं इतकी की पुस्तकाकडे बघितलं की मळमळतं. म्हणून बस आठवण्यासाठी ठेवली. खिडकीबाहेर बघत पहाटेचा भाग मनातल्या मनात पहिल्यापासून उभा करायचा, अडलं की ती जागा लक्षात ठेवायची आणि कॉलेजात उतरल्यावर फक्त तेवढंच उघडून बघायचं. पुढे मानसशास्त्राच्या एका मॅडमनी सांगितलं की यावर प्रयोग झालेले आहेत. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सगळं येतंय असं का वाटतं, याचं उत्तर मला त्यात मिळालं.

हमाली रात्री. तिथे मात्र 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती ही इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलो यांची पद्धत छान चालते. पहाटेच्या कामाला मी ती लावत नाही. एखादी मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते ते, डोक्यात उलगडायला लागलेली असताना गजर वाजला तर धागा तुटतो, तो पुन्हा जुळवायला वेळ लागतो. फोन त्या वेळात आईकडे असतो. तिला सांगून ठेवलंय, मागितला तरी देऊ नको. ती देत नाही.

गौरी-गणपतीत अभ्यास ठरवायचाच नाही, हे माझं पक्कं मत आहे. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं, आरत्या, रात्री भजनं. कोकणात वाढलेल्या मुलीने त्या दिवसांत कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसू नये. पण आमची सेमिस्टरची परीक्षा त्यानंतर फार लांब नसते, म्हणून हिशेब आधीच करावा लागतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगाने होतं, नंतर वेग मंदावतो. त्यामुळे सणाच्या तोंडावर मी नवीन धडा सुरू करत नाही, झालेलेच पुन्हा एकदा आठवून घेते. विसर्जनानंतर पहिलं काम कोरा कागद. काय उरलंय ते लिहायचं, मगच वही उघडायची.

आंब्याच्या दिवसांतला अभ्यास सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडतो. परीक्षा आणि हापूसची काढणी एकमेकांवर येतात. बाबा आणि गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवतात, संध्याकाळी पडवीत आकाराप्रमाणे निवडून बॉक्स भरायचे. चीक लागलेल्या हातात पुस्तक धरता येत नाही. धाकटा भाऊ बॉक्सच्या जुन्या पुठ्ठ्यावर मी लिहून ठेवलेलं एकेक संयुग वाचतो: ॲसिटाल्डिहाइड, बेन्झाल्डिहाइड, फॉर्मल्डिहाइड. आम्लारीसोबत याचं काय होईल ते मी सांगायचं. ॲसिटाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन, म्हणजे अल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, आहे, म्हणून अल्डॉल ही अभिक्रिया. बाकी दोघांना नाही, आम्लारी तीव्र असेल तर कॅनिझारो ही दुसरी अभिक्रिया. पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगवेगळी असतात, त्यामुळे एकेक करून सोडवताना उत्तर आधीच ठाऊक असतं. पुठ्ठे पिसून विचारले की आधी रेणू बघावा लागतो. परीक्षेतही तेच करायचं असतं. भावाला त्यातलं काही कळत नाही, पण मी अडखळले की पुठ्ठा बाजूच्या ढिगात टाकायचा, हे तो फार मन लावून करतो. मध्येच आजी आतून विचारते, "झालं काय गो तुझं?" आणि ढिगात अजून पुठ्ठे असतात.

शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मैत्रिणींना माझ्यापेक्षा जास्त वेळ मिळतो. त्यातल्या दोघींनी बसची कल्पना उचलली आहे. त्या संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीपर्यंत चालत जातात, वही न घेता, आणि जाताना एकीने सांगायचं, येताना दुसरीने. मला मात्र चालत्या बसमध्ये, कोणाशी न बोलताच जमतं. आता सहावं सेमिस्टर आहे, प्रोजेक्टचं लिखाण वाढलंय, ते पहाटेच्या वेळेत शिरू बघतंय. त्याला मी रात्रीच बसवलंय. पहाट अजून ऑरगॅनिक केमिस्ट्रीचीच आहे.